कडेची वीट

घड्याळाने २०३१ दाखवलं तेव्हा आत्या माझ्यासाठी चहा गाळत होती.

"किती वाजले रे?" तिने आतूनच विचारलं. कोनवाडीत आठवडाभर हाच विनोद चालू होता. मी यंत्र घेऊन एखाद्या भिंतीपाशी उभा राहिलो की कोणीतरी विचारणारच, किती वाजले. यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे, पण ते विटेचं वय सांगतं म्हणून सगळे त्याला घड्याळच म्हणतात.

मी सेन्सर पुसला, त्याच विटेवर परत टेकवला. २०३१. तिसऱ्यांदा टेकवला. २०३१.

बुधीआत्याचं घर २०१९चं आहे. तिने हजार वेळा सांगितलंय मला. आईबाबा हंगामाला कर्नाटकातल्या भट्टीवर जायचे, मी तिच्याकडे असायचो. "दीड वर्षाचा होतास. खाली ठेवलं की बोंबलायचास. मग तू कडेवर आणि मोकळ्या हातात वीट. अख्खी मागची भिंत अशी उभी केली मी."

आणि त्याच भिंतीतली वीट आता म्हणत होती, मला २०३१ साली भाजलं.

नियम असा. २०२५च्या आधीची घरं कायम, नंतरची जाणार, कारण वाडीवरून गोदामांकडे जाणारा रस्ता काढायचाय. कागद खोटे करता येतात, साक्षीदार फिरतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी, २०३९ साली, थेट विटेचीच साक्ष घ्यायचं ठरलं. प्रत्येक घराच्या चाळीस विटा वाचायच्या. घर बांधलं गेलं तेव्हा त्यातली सगळ्यात कोवळी वीट भाजून झालेली असणारच, बरोबर? म्हणजे घर त्या विटेपेक्षा जुनं असूच शकत नाही. जी सगळ्यात कोवळी वीट, तीच घराची तारीख.

किती सरळ वाटतं ना ऐकायला. मलाही वाटायचं.

आत्या कप घेऊन बाहेर आली आणि माझं तोंड बघून थांबली. "काय झालं?"

"आत्या, ही भिंत मधे कधी दुरुस्त केली होतीस का?"

"नाय."

"नीट आठव. पावसाळ्यात खचली असेल, चारदोन विटा नव्या घातल्या असतील..."

"मी बांधलीय ती. खचली असती तर मला कळलं नसतं?"

"चाळीसातल्या नऊ विटा नंतरच्या येतायत."

"मग तुझं घड्याळ खोटं बोलत असंल."

आणि मी बोललो. विचार न करता बोललो, खरं सांगतो. "घड्याळ खोटं बोलत नाही, आत्या."

म्हणजे कोण बोलतंय, हे मी न म्हणता म्हणून टाकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कप तसाच परत आत घेऊन गेली.

अहवालाखाली विटा वाचणाऱ्याचा, म्हणजे माझा, अंगठा लागतो. ही वाडी मी मुद्दाम मागून घेतली होती. म्हटलं होतं, आत्याला कायमचा कागद आपल्या हाताने द्यावा. मी अंगठा दाबला. तोपर्यंत दोनशे बारा घरांवर दाबला होता. दोनशे तेरावं आपलं निघालं म्हणून हात आखडला, तर आधीच्या दोनशे बारांना काय तोंड दाखवणार?

सुनावणी गुरुवारी होती. तो शनिवार होता.

---

आता घड्याळ कसं चालतं ते सांगतो. हे मला कोणी कॉलेजात शिकवलेलं नाही. मी बारावी अर्धी सोडली आणि दाबके मॅडमच्या संस्थेत ड्रिल उचलायला लागलो. डॉ. मृणाल दाबके. पृथ्वीचं जुनं चुंबकत्व हा त्यांचा विषय. मी ड्रिल धरायचो, पाणी सोडायचो, आणि त्या पोरांना शिकवत असायच्या तेव्हा मागे उभा राहून ऐकायचो. उरलेलं फोनवर बघून बघून, अडखळत शिकलो.

त्यांचा पहिला तास दरवर्षी तोच. टेबलावर एक वीट ठेवायच्या. "हिला काय आठवतं?" पोरं हसायची.

मातीत लोखंडाचे बारीक बारीक कण असतात, प्रत्येक कण एक इवलंसं चुंबक. वीट भाजून सहाशे-सातशे अंशांवर गेली की ते कण सगळं विसरतात. मग वीट निवायला लागते. निवता निवता ते कण पृथ्वीचं चुंबकत्व ज्या बाजूला असेल त्या बाजूला तोंड करतात आणि तसेच गोठतात. हजार वर्षं ठेवा, हलणार नाहीत. पृथ्वीचं चुंबकत्व मात्र हलत राहतं, कारण ते पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या घुसळण्यातून येतं. आपल्या भागात ते उत्तरेकडे आणि थोडं जमिनीत घुसलेलं असतं. तो घुसण्याचा कोन वर्षागणिक किंचित वाढत आलाय. म्हणजे विटेतला कोन वाचला की साल कळलं.

हाच खेळ सह्याद्रीच्या दगडाशीही चालतो. तो दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. "हा कातळ जन्मला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती," मॅडम म्हणायच्या, आणि पोरं वहीत लिहायला लागली की टेबलावर हात आपटायच्या. "लिहिताय काय? विचारा ना. कशावरून?"

कशावरून. हा त्यांचा शब्द. कोणी काहीही सांगितलं की हाच प्रश्न. एकदा कॅन्टीनवाल्याने भजी ताजी आहेत म्हटलं, त्यालासुद्धा.

घड्याळ त्यांनीच बनवलं. आत भाताच्या दाण्याएवढा नकली हिरा आहे. त्यावर हिरवा लेसर पाडला की तो लाल चमकतो, आणि त्या लाल उजेडाच्या कमीजास्त होण्यावरून शेजारच्या कणांचं तोंड कुठे आहे ते कळतं. वीट फोडायला नको, तापवायला नको. दोन मिनिटांत काम.

फक्त एक अडचण होती. कोन मोजायचा तर वीट भट्टीत कशी ठेवली होती ते माहीत हवं. आडवी की उभी? पाच वर्षांपूर्वी मॅडम वर्गात याच्यावर डोकं खाजवत होत्या. मी मागे पाण्याचा कॅन धरून उभा. तोंडातून निघून गेलं, "कडेवर, मॅडम. लांब कडेवर. पसरून ठेवल्या तर मधून आच कशी जाणार?"

"कशावरून?"

"आमचं घराणंच भट्टीवरचं आहे."

त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, खडू हातात दिला. मी भट्टी काढून दाखवली. त्यांच्या निबंधात ते 'हिलम नियम' म्हणून छापून आलं. माझं आडनाव! पोरं मला "काय रे नियम" म्हणून हाका मारायची आणि मला, खरं सांगतो, फार आवडायचं. तोच नियम घड्याळात बसवलाय.

---

रविवारी मी मॅडमच्या घरी गेलो. सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवले.

"नऊच विटा आहेत, मॅडम. काढून टाका."

"कशावरून?"

"कशावरून काय? ते घर मला माहीत आहे! मी त्यात वाढलोय."

"दीपेश, तळ्याच्या वाडीतला माणूसही हेच म्हणाला होता. मी वाढलोय इथे. त्याला तू काय सांगितलंस?"

मी त्याला सांगितलं होतं, वीट सांगते ते खरं. त्या वाडीतली सतरा घरं गेल्या महिन्यात पाडली.

"तुमचं यंत्र, मॅडम. घर माझं जातंय."

"मला कारण दे. एकच दे." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलावर वाजत होती. "त्या नऊ विटा चुकीच्या का आहेत? तुझी आत्या आहे हे कारण नाही. मी यंत्रातला आकडा एकदा नात्यासाठी बदलला, की पुढच्या वेळी तो दुसऱ्या कोणासाठी बदलेल. आणि तो दुसरा कोण असेल? गोदामवाला."

मी दार आपटून निघालो. त्यांच्या घराचं दार आपटणारा मी बहुतेक पहिलाच.

---

सोमवारी वाडीवर गेलो तर आत्याने घर उपसायला घेतलं होतं. पत्र्याची पेटी, डबे, घमेलं बाहेर. चुलीसाठीचं सरपण ती अंगणात रचत होती. मला बघूनही बघितलं नाही.

मी न विचारता हाताखाली गेलो. ढिगातलं कडेचं एक लाकूड मला वाकडं वाटलं, ते सरळ केलं. तिने चापटी मारली हातावर.

"झोक मोडू नको. अंगावर येईल सगळं."

"कसला झोक?"

"आता हेही सांगू? कडेचं लाकूड आत झोकून लावायचं. चारी बाजूंनी. मग ढीग एकमेकाला धरतो." तिने दोन्ही हात आत कलते करून दाखवले. "भट्टी काय वेगळी रचतात?"

माझ्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"भट्टीत विटा झोकून लावतात?"

"मधल्या नाय. मधल्या सरळ. कडेच्या झोकून. नायतर आच लागली की भट्टी फुटंल ना."

"पण तूच तर म्हणायचीस कडेवर..."

"कडेवर लावायची ती सगळीच. मी कडेची म्हणते. तू आठव्या वर्षी आश्रमशाळेत गेलास, त्याआधी भट्टीवर पोरांना मधल्या विटाच द्यायला लावायचे. कडेला तुला जाऊ दिलंच नाय कधी."

कडेवर आणि कडेची. दोन अक्षरांचा फरक. मी फळ्यावर काढलेली भट्टी डोळ्यांसमोर आली. छान चौकोनी, ओळंब्यात सरळ.

"झोक किती असतो?"

"मापाने कोण लावतं? हाताला कळतं." तिने विचार केला. "उराएवढी रचून झाली की दोन बोटं आत. कधी तीन."

मी मनात हिशेब केला. दोन अंश. निदान दीड. आणि घड्याळाला दहा वर्षं इकडची तिकडे करायला त्याहून कमी पुरतं.

"आत्या, आपल्या घराच्या विटा कुठल्या?"

ती हसली. शनिवारनंतर पहिल्यांदा. पण हसणं चांगलं नव्हतं. "भट्टीचा शेठ लाल वीट देणार होता काय आपल्याला? कडेच्याच सगळ्या. आतल्या तोंडाला भाजलेल्या, बाहेरच्या तोंडाला पिवळ्या. गिऱ्हाईक घेत नाय त्या, म्हणून आपल्याला. भट्टीवर राबणाऱ्यांची सगळी घरं असल्याच विटांची."

मी तिथेच बसलो. बंगल्यांवर घड्याळ कधी चुकलं नव्हतं. बंगल्यांच्या विटा मधल्या.

---

"भट्टीच्या उत्तर बाजूची वीट," मी मॅडमना फोनवर सांगत होतो, शब्द एकमेकांवर आदळत होते, "ती आत म्हणजे दक्षिणेला झोकलेली. तिच्यात कोन जास्त भरतो, ती आहे त्यापेक्षा कोवळी वाटते. दक्षिण बाजूची उलटी झोकलेली, ती म्हातारी वाटते. पूर्व-पश्चिमेच्या झोकाने काही बिघडत नाही, त्या बरोबर येतात. आणि मॅडम, आकडे बघा! नऊ कोवळ्या. नऊ म्हाताऱ्या, २००७च्या आसपास. बावीस बरोबर २०१९. म्हाताऱ्यांकडे आपण कधी बघितलंच नाही. नियमाला फक्त कोवळी लागते!"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"कशावरून?" आवाज बारीक झाला होता.

"पिवळ्या तोंडावरून. पिवळं तोंड भट्टीच्या बाहेर बघत होतं. आणि उत्तर कुठे होती ते विटेतच गोठलंय. मी बरोबर असेन तर प्रत्येक कोवळ्या विटेचं पिवळं तोंड उत्तरेला असलं पाहिजे. प्रत्येक म्हाताऱ्या विटेचं दक्षिणेला."

"भिंतीत असलेल्या विटेचं एकच तोंड दिसतं, दीपेश."

"हो."

"म्हणजे विटा काढाव्या लागतील."

"हो."

"चाळीस. आणि तू चुकीचा असलास तर भिंत आपणच पाडलेली असेल. गुरुवारच्या आत."

मी आत्याकडे पाहिलं. फोन स्पीकरवरच होता, ती सगळं ऐकत होती. तिने कमरेचा कोयता काढला, मागच्या भिंतीपाशी गेली, आणि त्याचं टोक मातीच्या सांध्यात घातलं.

"मीच लावल्यात," ती म्हणाली. "मीच काढते."

---

मंगळवारी सकाळी मॅडम आल्या. त्यांनी पद्धत ठरवली, त्यात मला हात लावू दिला नाही. "तुला उत्तर हवंय, म्हणून तू दूर." आत्या वीट काढणार, पिवळ्या तोंडावर खडूने बाण मारणार. मग वीट कापडात गुंडाळून आत जाणार. आत मॅडमची विद्यार्थिनी कापडाच्या फटीतून घड्याळ लावणार, बाण न बघता साल आणि उत्तर दिशा लिहिणार. शेवटी दोन्ही जुळवायचं.

मला पाणी आणायचं काम. मी पाच वर्षांनी परत पाण्याचा कॅन धरून उभा होतो.

अर्धी वाडी जमली. एक म्हातारा म्हणाला, "बुधी, बुलडोझर येईपर्यंत तरी थांबायचंस." कोणी हसलं नाही. दुपारपर्यंत भिंतीला छातीएवढं भगदाड पडलं. त्यातून आतली चूल दिसत होती.

चार वाजता मॅडमनी वही उघडली.

"पहिली. साल २०२९. पिवळं तोंड?" बाणाकडे बघितलं. "उत्तर."

"दुसरी, २००८. दक्षिण."

"तिसरी, २०१९. पश्चिम."

"चौथी, २०३०..." त्या थांबल्या. वीट फिरवली. "बाण पूर्वेला आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आत्या पुढे झाली, वीट हातात घेतली, अंगठ्याने माती पुसली.

"ही कोपऱ्याची," ती म्हणाली. "दोन तोंडं पिवळी हायत. एकाला माती लागलेली, मला दिसली नाय. हे बघा."

दुसरं तोंड उत्तरेला होतं. मॅडमनी तरी ती जुळली म्हणून लिहिली नाही. "बाण आधी मारलाय, तो मोजायचा," म्हणाल्या. कडकच.

चाळीसातल्या सदतीस जुळल्या.

मॅडम उंबऱ्यावर बसल्या. आत्याने त्यांच्या हातात चहा दिला. मलाही दिला. शनिवारचा राहिलेला.

"बुधीताई," मॅडम म्हणाल्या, "ही गोष्ट मी तुम्हाला पाच वर्षांपूर्वी विचारायला हवी होती."

"तुम्ही याला विचारलंत ना."

"हो. आणि याने बरोबर सांगितलं म्हणून पुढे कोणालाच विचारलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "जिल्ह्यात किती अहवाल गेलेत आपले?"

"चार हजारांच्या वर. माझ्या अंगठ्याचे दोनशे तेरा."

"पाडली किती?"

"माझ्यातली सतरा. तळ्याची वाडी."

त्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

---

गुरुवारी पडताळणी कक्षात सुनावणी घ्यायला तांबोळी साहेब बसले होते. थकलेला, सरळ माणूस. त्यांनी चाळीस विटांची वही दोनदा उलटसुलट बघितली.

"म्हणजे मॅडम, यंत्र चुकीचं?"

"यंत्र बरोबर वाचतं. वीट भट्टीत सरळ उभी होती असं आम्ही धरून चाललो, ते चुकीचं. जिथे विटा कडेच्या आहेत तिथे माझी तारीख ग्राह्य धरू नका. एकाही घराची."

"एकाही? तुम्ही तुमचंच यंत्र बंद करताय."

"भट्टीवर राबणाऱ्यांच्या घरांवर, हो. झोक काढून टाकायची रीत बसवेपर्यंत."

"आणि हा हिलम नियम कोणाचा?"

मी हात वर केला. वर्गात करतात तसा. "माझा, साहेब. मी अर्धाच सांगितला होता."

ते आत्याकडे वळले. "बाई, यंत्र बाजूला ठेवू. घर २०१९चं हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"हा कडेवर होता," आत्या म्हणाली. "दीड वर्षाचा. त्याचा दाखला असंल ना तुमच्याकडं? त्यात दीड वर्ष मिळवा."

तांबोळी साहेबांनी ते लिहून घेतलं. तिचे शब्द, जसेच्या तसे. मी हजार वेळा ऐकलं होतं, एकदाही लिहून घेतलं नव्हतं.

कोनवाडी राहिली. जिल्ह्यातली सगळी पाडकामं थांबली. मागच्या भिंतीला अजून भगदाड आहे. आत्या म्हणते, बांधू सावकाश, या वेळी लाल वीट आण.

---

शुक्रवारी मी एकटाच तळ्याच्या वाडीत गेलो. घड्याळ घेऊन.

वाडी नव्हती. विटांचे ढीग होते, आणि त्यांच्या कडेने खडी पसरलेली. एका ताडपत्रीखाली एक बाई भाकरी थापत होती. तिने यंत्र ओळखलं, मग मला ओळखलं. माझा अंगठा तिच्या कागदावर होता.

"परत काय मोजायला आलास?" ती म्हणाली. "काय पाडायचं राहिलंय?"

मी घड्याळ खाली ठेवलं.

"मावशी, चूक माझी होती. तुमचं घर जुनंच होतं."

तिने हात थांबवला. पिठाचे हात तसेच वर.

"कशावरून?"

मी ढिगातून एक वीट उचलली. माती पुसली. पिवळं तोंड तिच्याकडे केलं, आणि खाली बसून पहिल्यापासून सांगायला लागलो.